मूळच्या मिरजेच्या काकांना, एरी सरोवराकाठून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुम्हाला एकट्यालाही पाठवू शकले असते. पण मग तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणून ते घडी करून खणात ठेवलं असतंत आणि विषय मिटला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही, काकूंनी तेवढी अट घातली आहे.

आधी बातमी. काल संध्याकाळी, पर्पल मार्टिन पक्ष्यांसाठी खांबावर टांगलेल्या पोकळ भोपळ्यांपैकी तीन नंबरचा दोरीने खाली घेतला आणि आत पाहिलं. पाच अंडी! पांढरीशुभ्र, काड्या आणि चिखलाच्या घरट्यात, वर नुकतीच आणून टाकलेली हिरवी पानं. भोपळा परत वर चढवला आणि पाच मिनिटांत मादी आत गेली. मी खाली गवतात बसून रडले. एप्रिलपासून साठलेलं होतं सगळं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा पक्षी माहीत नाही त्यांना थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही काय केलंत ते त्यांना कळणार नाही. पर्पल मार्टिन हा आपल्याकडच्या भिंगरीच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतला त्या कुळातला सगळ्यात मोठा पक्षी. नर पुरता वाढला की पिकल्या जांभळावर ऊन पडावं तसा चमकतो. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन पेढ्यांएवढं. हिवाळा काढतो ब्राझीलकडे. २००७ साली आमच्या या वायव्य पेनसिल्व्हेनियातल्याच काही पक्ष्यांच्या पाठीवर इवलीशी यंत्रं बसवली होती. त्यातली एक मादी पुढच्या वसंतात ७,५०० किलोमीटर अंतर १३ दिवसांत कापून घरी परतल्याचं त्यावरून कळलं. घरी म्हणजे कुठे? तर माणसाच्या परसात. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडे हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांतच वीण करतो. चॉक्टॉ आणि चिकासॉ हे इथले मूळ रहिवासी पोकळ भोपळे टांगून त्याला बोलवायचे, मग युरोपातून आलेल्यांनी लाकडी घरं उभारली, आणि पिढ्यानपिढ्या असं होत होत झाडाच्या ढोलीची सवयच सुटली. कुणी घर टांगलं नाही तर त्याला जागा नाही.

म्हणून तो परत येतो तेव्हा कुणीतरी वाट बघत असावं लागतं. जानेवारीत फ्लोरिडात पहिला दिसतो, मग टेक्सासात, मग एकेका राज्यातली माणसं ‘आज आला’ म्हणून कळवत जातात आणि नकाशावरची रेघ उत्तरेकडे सरकत राहते. आमच्याकडे ती एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पोचते. लोक पहिल्या पक्ष्याला ‘स्काउट’ म्हणतात; तो जागा बघून जातो आणि मागे जाऊन थव्याला घेऊन येतो, असं मलाही वाटायचं. तुम्हीच सांगितलंत की तसं काही नसतं. तो फक्त जाणता असतो, आपली जुनी जागा धरायला बाकीच्यांआधी निघालेला.

तुमच्या स्वयंपाकघरात पाहिलेली ती जुन्या कालनिर्णयांची चळत मी विसरत नाही. दर वर्षीच्या एप्रिलच्या पानावर, चतुर्थी आणि एकादशीच्या शेजारी, शिसपेन्सिलीने एकच शब्द: ‘आला’. काही वर्षी खाली ‘२ नर’. एका वर्षी ‘बर्फ. तरी आला.’ पुण्याहून बहिणीने धाडलेल्या कॅलेंडरवर ब्राझीलहून येणाऱ्या पक्ष्याची नोंद! मी निफाडकडची, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर दर हिवाळ्यात वडिलांच्या सायकलवर डबलसीट जाऊन पाहुणे पक्षी बघितलेली. त्या पानांवरून हात फिरवताना मला वडिलांची आठवण आली होती, तेव्हा बोलले नाही.

आता ज्यांनी मदत केली नाही त्यांच्याबद्दल. तुम्हाला हे आवडणार नाही, पण मला लिहायचं आहे.

पहिली चार वर्षं माझा खांब रिकामा होता. ज्या दुकानातून घर घेतलं तिथल्या माणसाने सांगितलं होतं, हे पक्षी दिवसाला हजारो डास खातात, बिनधास्त घ्या. ते घर पत्र्याचं, खोल्या हाताच्या पंजाएवढ्या, आणि मेपलच्या फांदीला जवळजवळ टेकलेलं. तिथे मार्टिन कधीच येणार नव्हता, हे विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. वसाहतीच्या मंडळाने खांबाच्या उंचीवरून तीन पत्रं पाठवली आणि माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. पक्षिनिरीक्षकांच्या एका गटात मी प्रश्न विचारला, तर एवढंही माहीत नसेल तर खांब काढून टाका, असं एका गृहस्थांनी सुनावलं. मी त्या दिवशी गप्प बसले. आज बसणार नाही. माहीत नसलेल्याला हाकलणं सोपं असतं, शिकवणं जड असतं, आणि त्या गृहस्थांनी सोपं तेच निवडलं.

तुम्ही पिट्सबर्गच्या गणपतीत भेटलात. प्रसादाच्या रांगेत मी कुणाशी तरी बोलत होते ते ऐकून मागे वळलात आणि पहिलं वाक्य बोललात ते असं: “डासांसाठी ठेवलं असशील तर काढ. तो डास फारसे खातच नाही. चतुर, भुंगेरे, उडत्या मुंग्या खातो.” पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगत होतं. पुढचं सगळं, खांब कुठे हलवायचा, भोपळ्यांना अर्धचंद्राची भोकं का हवीत, ते इथे लिहीत बसत नाही. एवढंच लिहिते की तुमच्या स्वतःच्या गॅरेजमधले सहा भोपळे तुम्ही गाडीत घालून दिलेत आणि पैशांचा विषय काढू दिला नाहीत.

चिमण्यांचं मात्र लिहायलाच हवं. आपल्याकडे चिमणी दिसेनाशी झाली म्हणून जीव हळहळतो. तीच चिऊताई इथे मार्टिनची अंडी फोडते, पिल्लांना टोचून मारते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याच्याने घरट्याला हात लावला गेला नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, “तिचा राग करू नकोस. तिला १८५१ च्या सुमाराला ब्रुकलिनमध्ये माणसानेच आणून सोडलं. साळुंकीच्या जातीची ती स्टारलिंग, तीही माणसानेच आणली, १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात. चूक त्यांची नाही. पण निस्तरायचं आपल्यालाच आहे. घरटं काढ.” मी काढलं. गेल्या वर्षी मेअखेरीस एक कोवळी जोडी आली आणि तीन नंबरच्या भोपळ्यातून चार पिल्लं उडाली.

आणि हे वर्ष.

१२ एप्रिलला सकाळी पावणेसातला तो आला. मी चहा गाळत होते. आधी आवाज आला, तो घशातला खळखळता आवाज, सुरईतून पाणी ओतावं तसा. गाळणं तसंच टाकून बाहेर धावले. तो सरळ तीन नंबरमध्ये शिरला. गेल्या वर्षीच्या नराच्या पोटाशी राखाडी होतं, त्यावर जांभळे शिंतोडे. हा अंगभर जांभळा. पायात कडं नव्हतं, तेव्हा हा तोच, असं कागदावर सिद्ध करता येणार नाही. मला मात्र शंका नाही.

१५ तारखेच्या संध्याकाळी सरोवरावरून वारा फिरला. मग तीन दिवस पाऊस, गारा, बर्फ, पुन्हा पाऊस. हा पक्षी फक्त उडते किडे खातो, तेही हवेतच पकडून. पारा दहा अंशांच्या खाली गेला की किडे उडत नाहीत. तीन दिवस, फार तर चार-पाच, एवढीच त्याची शिदोरी. मी एका जाणकारांना फोन केला. ते म्हणाले, “निसर्गाला त्याचं काम करू द्या.” दुसऱ्या एका कार्यालयात दोनदा निरोप ठेवला, उत्तर आलं ते अकरा दिवसांनी.

काका, त्या ‘निसर्गाला काम करू द्या’ने मी आतून पेटले होते. झाडं आपण तोडली, चिमण्या आपण आणल्या, त्याला शेकडो वर्षं आपल्या अंगणाची सवय आपण लावली, आणि तो भिजून भोपळ्याच्या दारात बसला की लगेच निसर्ग?

१८ च्या रात्री मी तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, “तुमच्याकडे उजाडतं किती वाजता?” मी म्हटलं साडेसहाला. “बरं. झोप आता.”

सहाला दहा कमी असताना तुमच्या गाडीचे दिवे अंगणात आले. दोन तासांचा रस्ता, बर्फाचा, वयाच्या पंच्याहत्तरीला. तुमच्या घरचे चोवीस भोपळे त्या सकाळी काकूंनी एकटीने सांभाळले, हे मला नंतर कळलं. हातात श्रीखंडाचा डबा, त्यावर काकूंच्या अक्षरात ‘पक्ष्यांचे’, आणि आत गोठवलेले रातकिडे. तुम्ही प्लॅस्टिकचा चमचा माझ्या हातात दिलात. “तू उडव. अंगण तुझं आहे, त्याला तुझी ओळख हवी.”

पण रातकिडे एकमेकांना चिकटून दगड झाले होते. मी म्हटलं, आत नेऊन कोमट पाण्यात ठेवते. तुम्ही म्हणालात, नको, दाराची ये-जा झाली की बिथरेल. आणि मग तुम्ही डावा हातमोजा काढलात, तो ढेकूळ मुठीत घेतलात, आणि मूठ कोटाच्या खिशात घातलीत.

मला याचेच आभार मानायचे आहेत. गाडी चालवल्याचे, भोपळ्यांचे, चमच्याचे आहेतच, पण हे सगळ्यात आधी. दोन तास तुम्ही तसे उभे होतात. मूठ बाहेर यायची, चार-सहा सुटे झालेले किडे माझ्या चमच्यात पडायचे, दुसरा गोठलेला ढेकूळ मुठीत जायचा. तुमच्या बोटांना संधिवात आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत. ती बोटं दोन दिवस सुजलेली होती, हे काकूंनी मे महिन्यात सांगितलं, तेही बोलण्याच्या ओघात. त्या सकाळी मी फक्त बघत होते की एक माणूस, ज्याचं या पक्ष्याशी देणं-घेणं नाही, माझ्याशी नातं नाही, स्वतःच्या अंगातली ऊब एका किड्याला देतो आहे, की तो किडा त्या जिवाला गार लागू नये.

पहिले तीस-चाळीस गवतातच पडले. तो नुसता मान वळवून बघायचा. माझा हात भरून आला, धीर सुटला. तुम्ही म्हणालात, “उंच. किडा उडतोय असं वाटलं पाहिजे.” आठच्या सुमाराला तो दांडीवरून सुटला, एक खालची गिरकी घेतली आणि चोच ‘टक’ अशी बारीक वाजली. तुम्ही मोजत होतात. अठरा. मग म्हणालात, “पुरे. चहा टाक.”

चहा पिताना तुम्ही १९७२ चं सांगितलंत. शिकायला येऊन वर्षच झालेलं, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्याची खोली. जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पाऊस दिवसेंदिवस कोसळला आणि पेनसिल्व्हेनियातले मार्टिन घरट्यांतच उपाशी मेले. बाई शिडीवर चढून एकेक खण रिकामा करत होत्या, तुम्ही शिडी धरून उभे होतात. त्यानंतर किती तरी परसांत वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही. “तेव्हा कुणाला माहीत नव्हतं गं, असं भरवता येतं म्हणून,” तुम्ही म्हणालात आणि कपात बघत राहिलात. माहीत झाल्यावर घरात कसं बसवेल, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला ऐकू आलं.

अशी माणसं आहेत, काका. मी आता त्यांना ओळखायला लागले आहे. निवृत्त शिक्षिका, ट्रक चालवणारे, शेतकरी, पहाटे चमचा घेऊन अंगणात उभे. यातून कुणाला काही मिळत नाही. डासांचं आमिषही खोटं निघालं आहे, तरी उभे आहेत. परक्या गावात नऊ वर्षं काढल्यावर मला हे गाव आपलं वाटलं ते त्यांच्यामुळे, आणि सगळ्यात जास्त तुमच्यामुळे.

२० आणि २१ ला मी एकटीने भरवलं. २२ ला ऊन पडलं. ३० ला मादी आली.

आता हिशोब असा, की १७ जूनच्या आसपास पिल्लं बाहेर येतील आणि जुलैच्या मध्याला उडतील. ऑगस्टमध्ये इथल्या प्रेस्क आईल द्वीपकल्पावर संध्याकाळी हजारोंचा थवा उतरतो, तो बघायला तुम्ही आणि काकूंनी दोन दिवस राहायलाच यायचं. मेथीची भाजी आणि भाकरी करीन. तुमचा डावा हातमोजा गेला दीड महिना माझ्या दाराशी खुंटीवर आहे. धुतलेला नाही. तो मी पोस्टाने पाठवणार नाही, न्यायला या.

तुमची,
तीन नंबरच्या भोपळ्याची राखणदार

४ जून