तलावाचा गाळ काढायचा आहे : ज्याला जेवढा फायदा, तेवढा त्याचा वाटा

गावातील सर्व बंधू-भगिनींना, तसेच कामधंद्यासाठी नागपूर-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांना तलाव समितीचा नमस्कार.

आपला तलाव पोळ्यापर्यंत भरलेला दिसतो आणि धान निसवायच्या वेळी तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, धार येत नाही. दोष एकट्या पावसाचा नाही. तलावाच्या पोटात गाळ साचला आहे, पाणी मावायला जागाच उरलेली नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मिळून असे साडेसहा हजारांवर मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेले, तलाव आहेत. त्यांतले कितीतरी गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. निस्ताराचे, म्हणजे तलाव वापरायचे, हक्क गावाकडे राहिले, पण पाळीवर (तलावाच्या बांधावर) माती टाकायची कोणी, गाळ उपसायचा कोणी, हे गावाने कधी नीट ठरवलेच नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेसाठी आपण प्रस्ताव दिला आहे. त्यातून गाळ उपसण्याला मदत होईल. तुडुमाची दुरुस्ती, पाट मोकळा करणे, तलावात माजलेली बेशरमची झुडपे मुळासकट काढणे, हा खर्च मात्र आपल्यालाच उभा करायचा आहे.

दर घरामागे सारखी वर्गणी घ्यावी, असे काहींचे म्हणणे होते. ते आम्हाला पटले नाही. पाटाच्या तोंडाशी पाच एकर धान असलेला आणि रोजीवर जगणारा भूमिहीन, दोघांना एकच आकडा लावणे अन्यायाचे आहे. म्हणून ग्रामसभेपुढे आम्ही असे ठेवतो आहोत : ओलिताखालच्या जमिनीवर एकरी पट्टी बसवावी, तोंडाकडच्या बांध्यांना (धानाच्या शेतांना) दोन वाटे आणि शेवटाकडच्यांना एक, कारण पाणी शेवटी पोहोचते तेव्हा ते उरलेलेच असते. भूमिहीनांकडून काहीही घेऊ नये.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायला हवी. पाळीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आणि बोअर आहेत, ते म्हणतात की आम्ही पाटाचे पाणी घेत नाही, पाणसारा (पाणीपट्टी) भरत नाही, मग पट्टी कशाची? भाऊ, तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात जे पाणी राहते, ते तलावातूनच झिरपत येते. ज्या वर्षी तलाव लवकर आटतो, त्या वर्षी तुमच्या मोटारीही लवकर बंद पडतात. त्या पाण्यावर उन्हाळी धान आणि भाजीपाला निघतो. तुमचा वाटा मोठा आहे आणि तो तुम्ही आपणहून द्यावा, अशी आमची मनापासून विनंती आहे.

तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांनी पैशाऐवजी श्रम देण्याची तयारी दाखवली आहे. बेशरम काढायचे काम ते करतील. त्यांची एक मागणी आहे आणि ती रास्त आहे : सगळा तलाव एकसारखा खरवडू नये. देवधान (आपोआप उगवणारे रानधान) आणि पाणवनस्पती असलेला उथळ भाग तसाच ठेवावा, कारण मासळी तिथेच अंडी घालते आणि पाखरेही तिथेच उतरतात. ते आम्ही मान्य केले आहे. पाळीच्या पायथ्याशी कोणी खोदणार नाही, आणि गाळाखालचा चिकण थर फोडायचा नाही, नाहीतर पाणी खाली मुरून जाईल.

निघालेला गाळ शेतासाठीच आहे, वीटभट्टीला एक ट्रॉलीही जाणार नाही. मुरमाड, हलक्या जमिनीला तो फार मानवतो. वाहतूक ज्याची त्याने करावी. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी विधवा बहिणींच्या आणि अल्पभूधारकांच्या बांधीत दोन-दोन ट्रॉल्या टाकून द्याव्यात. तोही वाटाच धरला जाईल.

बाहेरगावच्या मंडळींनो, तुमच्या नावावर इथे शेत असेल तर पट्टी लागू आहेच. नसेल तर इच्छेप्रमाणे द्या, आम्हाला त्याचे मोल आहे.

रक्कम ग्रामपंचायतीत जमा करून पावती घ्यावी. रोख कोणाच्याही हातात देऊ नये, समितीच्या सदस्याच्याही नाही. जमाखर्च दर आठवड्याला फलकावर लागेल. पट्टी अक्षय तृतीयेपर्यंत जमली तर मृगाच्या आधी काम आटोपते. त्यानंतर तलावात मशीन उतरत नाही.

— तलाव समिती