फुटाळा टाकलं की ॲप म्हणतं, काही नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जिओकॅशिंग नावाच्या डबी शोधायच्या खेळाच्या मोबाईल ॲपसाठी पेपरात पत्र लिहून राहिलो म्हणून हसू नका. ॲपवाल्यांना दोनदा ईमेल टाकला, दोन्ही वेळा तेच आपोआप येणारं उत्तर आलं. मिहान नि आयटी पार्कमधली पोरं असलीच कामं करतात, म्हटलं त्यांच्यापैकी कोणी तरी वाचेल.

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी एक डबी लपवतो, तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) ॲपवर टाकतो, आपण जीपीएस लावून ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होती तिथं परत ठेवायची, बस. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी तिकडं ओरेगॉनात पहिली डबी ठेवली गेली. डबीला म्हणतात कॅश, त्यामुळं आमच्या आईला अजूनही वाटतं हा काहीतरी पैशाच्या भानगडीचा धंदा आहे.

तर मागच्या रविवारी भाचीला घेऊन फुटाळा तलावावर निघायचं होतं. सर्चमध्ये देवनागरीत "फुटाळा" टाकलं, काही नाही. इंग्रजीत एफनं लिहिलं, तरी नाही. भाची म्हणाली मामा पीएचनं करून पहा, तर लगेच निघालं, कारण लपवणाऱ्यानं तसं लिहिलं होतं! आता नागपुरात कोणी सीताबर्डी म्हणतो, कोणी सीताबुल्डी, आणि अर्धं गाव नुसतं बर्डी म्हणतं, मग हुडकणाऱ्यानं स्पेलिंगच्या परीक्षेला बसायचं का? नाव अक्षरावरून नाही, उच्चारावरून जुळवा आणि एका जागेची चार नावं मागं जोडून ठेवा, एवढंच मागणं आहे.

कोऑर्डिनेट्सचं तर आणखीन वेगळं. आपल्या झिरो माईलच्या खांबाचा अक्षांश नकाशावर २१.१५ असा दिसतो, या खेळात तोच २१ अंश ९ मिनिटं असा लिहितात. नवीन माणूस २१.१५ ला २१ अंश १५ मिनिटं समजून टाकतो आणि ॲप त्याला मुकाट्यानं ११ किलोमीटर उत्तरेला, कोराडीकडं धाडतं. दोन्ही पद्धती सर्चनं ओळखायला काय हरकत आहे? (अख्खा देश मोजायला निघालेला इंग्रज अधिकारी लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटलाच वारला, आणि आपण इथं अंश-मिनिटात अडकलो.)

अंतर पण सरळ रेषेत दाखवतात, अंबाझरीवर ४०० मीटर दिसलं तरी मध्ये तलाव असतो हे ॲपच्या गावीही नाही. ते एक वेळ चालवून घेऊ.

पण खरा राग पुढं आहे. फुटाळ्याला जाऊन वीस मिनिटं आम्ही मामा-भाची झुडपात हात घालून राहिलो. तिथला गार्ड आला, "काय शोधून राहिले भाऊ?" भाची पटकन म्हणाली, कॅश! "किती पडली?" म्हणत तोही बिचारा वाकून शोधायला लागला. मग मी तिथंच पायरीवर बसून त्या डबीचं पान पार खालपर्यंत सरकवलं, तर शेवटच्या तिघांनी "सापडली नाही" लिहिलेलं, आणि शेवटची सापडली त्याला दीड वर्ष झालेलं. म्हणजे माहिती ॲपकडं होती! फक्त सर्चच्या यादीत नावापुढं ती तारीख दिसत नाही, आणि "मागच्या सहा महिन्यांत सापडलेल्याच दाखव" असा फिल्टरही नाही. अवघड किती, चढण किती, डबी केवढी, सगळे फिल्टर आहेत, डबी जागेवर आहे का तेवढंच नाही. पोराबाळांना घेऊन उन्हात निघणाऱ्याला पहिलं हेच पाहिजे असतं हो.

गार्डभाऊंना चहा पाजला आणि त्या पानावर चौथं "सापडली नाही" मी टाकून आलो.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर