शिवणाच्या काकूंना, पाऊण मीटरबद्दल

काकू, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण सूनबाई वाचून दाखवतीलच, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या दिवशी लेक सहावीची गणिताची वही घेऊनच तुमच्या दुकानात आली होती. घरी आमची वादावादी झालेली. ६ भागिले ३/४, उत्तर ८. "भागल्यावर कमी व्हायला हवं ना, मग सहाचे आठ कसे?" भाजक उलटा करून गुणायचं, एवढंच मला शाळेत सांगितलेलं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि तिलाही 'तसंच असतं' म्हणून गप्प केलं होतं.

तुम्ही मशीनवरून न उठता म्हणालात, "सहा मीटर कापड आहे, ब्लाऊजला पाऊण मीटर लागतं. किती होतील?" आणि अस्तराचा तागा उलगडत तिला दर पाव मीटरवर खडूची खूण करायला लावलीत. २४ पाव झाले. एकेका ब्लाऊजला तीन पाव, म्हणजे आठ ब्लाऊज. चारने गुणलं, तीनने भागलं. उलटा केलेला अपूर्णांक तो हाच, हे तिच्या आधी माझ्या डोक्यात शिरलं!

तरी बाईसाहेबांचं समाधान नाही. साडेसहा मीटर असतं तर? वहीत उत्तर आलं ८ पूर्णांक २/३. "पण उरलं तर अर्धा मीटर, मग हे २/३ कुठलं?" तेव्हा मात्र तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "अर्धा मीटरचा गं. ब्लाऊजचे किती ते बघ. लागतात तीन पाव, आहेत दोन." मी हे जन्मात सांगू शकले नसते.

गुणाकार तर तुम्ही पेपर कटिंगच्या रद्दीवरच उरकलात. वर्तमानपत्राचे घडीने चार उभे भाग, तिनांवर रेघोट्या, मग मधोमध एक आडवी घडी. पाऊणाचा अर्धा म्हणजे आठातले तीन.

तुम्हाला अर्थात घड्याही लागत नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, साडेतीनाची औटकीसुद्धा तोंडपाठ. पाऊणकीत आठाला सहा, म्हणून सहात पाऊण आठदा. आम्हाला तीसपर्यंत पाढे घोकायला लावले, पण हे पाढे कुणी शिकवलेच नाहीत.

चाचणीचे गुण सांगत नाही, एक बेरीज चुकलीच. भागाकार मात्र सगळे बरोबर. मनापासून आभार, काकू. आणि अस्तरावरच्या खडूच्या खुणा गेल्या नसतील, तर ते माझ्याच ब्लाऊजला लावा.