रांगेची आखणी आणि लोकांची शिस्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करोनामुळे मार्चपासून बंद असलेली राज्यातील मंदिरे यंदाच्या, म्हणजे 2020 च्या दिवाळी पाडव्याला उघडल्यापासून आपल्या पत्रांच्या सदरात गर्दीविषयी बरेच लिहून येत आहे आणि त्यांतील बहुतेक पत्रे शेवटी ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ या वाक्यावर येऊन थांबतात. मी 31 वर्षे एसटीत नोकरी केली, त्यांतील शेवटची 14 वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून. हेच वाक्य फलाटावर उभे राहून मीही असंख्य वेळा उच्चारले आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विस्तीर्ण करमणूक उद्यानात दोन दिवस काढल्यानंतर मात्र ते मागे घ्यावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत आम्ही उभयता लेकीकडे अटलांटाला गेलो, मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि तीन महिन्यांचा मुक्काम नोव्हेंबरपर्यंत लांबला. सहा महिने घरात कोंडलेल्या नातवंडांना घेऊन डिस्नेला जायचा बेत जावईबापूंनी मांडला, तेव्हा मी स्पष्ट विरोध केला होता. माझी साठी केव्हाच उलटली आहे आणि पत्नीला मधुमेह आहे. लेकीने उद्यानाची नियमावली माझ्यापुढे ठेवली आणि ‘बाबा, आधी हे वाचा, मग नाही म्हणा’ असे सांगितले. ती वाचून मी तयार झालो.

अटलांटा ते ऑरलँडो हा सुमारे 700 किलोमीटरचा रस्ता आहे. जॉर्जिया आणि फ्लोरिडा या दोन्ही राज्यांत तेव्हा मास्कची राज्यव्यापी सक्ती नव्हती आणि त्याचा परिणाम वाटेत प्रत्येक थांब्यावर दिसत होता. पेट्रोल पंपावरच्या दुकानात दहा माणसांमागे दोघांच्या तोंडावर मास्क असेल नसेल. पैसे द्यायला लोक एकमेकांना खेटून उभे. आम्ही गाडीतून उतरायचेसुद्धा टाळत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानाच्या वाहनतळावर हीच माणसे (शब्दशः तीच नसतील, पण त्याच रस्त्याने, त्याच राज्यांतून आलेली) उतरली आणि लहान मुलांसकट सर्वांच्या नाकातोंडावर मास्क होते. एका रात्रीत माणसांचा स्वभाव पालटत नाही. पालटली होती ती जागेची मांडणी, आणि मी दोन दिवस नातवंडांबरोबर जितके राजवाडे पाहिले तितकीच ही मांडणी पाहिली.

पहिली गोष्ट म्हणजे, नुसते तिकीट असून भागत नव्हते. कोणत्या दिवशी, डिस्ने वर्ल्डमधील चारपैकी कोणत्या उद्यानात जाणार हे आधी आरक्षित करावे लागे आणि एकाच दिवशी एका उद्यानातून दुसऱ्यात जाण्याची मुभा बंद होती. आत क्षमतेच्या चतुर्थांश, म्हणजे 25 टक्के माणसेच घेतली जात होती, हे कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी नंतर नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. तोवर ती मर्यादा 35 टक्के झाली होती. गर्दी दारात आल्यावर अडवण्यापेक्षा ती घरातून निघण्यापूर्वीच थांबवणे केव्हाही सोपे असते. आषाढीच्या जादा गाड्या सोडताना आम्हाला हे ठाऊक होते. ज्या गावाची गटनोंदणी आधी आली त्या गावाचा कधी गोंधळ झाला नाही.

दाराशी प्रत्येकाचे तापमान पाहत. दोन वर्षांवरील प्रत्येकाला मास्क सक्तीचा होता आणि कोणता मास्क चालेल हेही स्पष्ट लिहिलेले होते: कानाला अडकवलेला, हनुवटीखालपर्यंत पोहोचणारा मास्कच चालेल; गळ्यातील पट्टी वर ओढलेली किंवा झडपेचा मास्क चालणार नाही. पूर्वी लोक हातात खाण्याचा पुडा घेऊन मास्क काढून हिंडत, म्हणून उद्यान उघडल्यानंतर थोड्याच दिवसांत ‘खाणेपिणे एका जागी थांबूनच’ अशी दुरुस्ती नियमात झाली. पाळण्यात बसल्यावर कोणी मास्क खाली ओढला, तर त्या फेरीचा फोटो त्याला मिळत नसे. मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली सोय मात्र वेगळीच होती. मास्क काढून, अंतर राखून, निवांत बसण्यासाठी ठिकठिकाणी जागा राखून ठेवल्या होत्या. नव्वद अंश फॅरनहाइटच्या दमट हवेत दिवसभर मास्क लावणे माणसाला जमणार नाही हे नियम करणाऱ्यांनी आधीच मान्य केले होते, आणि म्हणूनच माणसे उरलेला वेळ तो नियम पाळत होती. माझी पत्नी तिथे दर दीड तासाने दहा मिनिटे बसत असे.

रांगेत सहा-सहा फुटांवर खुणा आखलेल्या होत्या. एरवी आधी वेळ ठरवून झटपट प्रवेश देणारी वेगळी रांग असते; ती बंद ठेवल्याने सगळे एकाच रांगेत होते. ‘तो पुढे कसा गेला’ हा प्रश्न उद्भवला नाही की निम्मी ढकलाढकली आपोआप संपते. रांग लांबून पाहिली तर छातीत धस्स व्हावे एवढी लांब दिसे, पण माणसे विरळ असल्यामुळे ती सतत सरकत राही. सरकणारी रांग माणूस मोडत नाही; थांबलेली मोडतो. काही बोटींत आसनांच्या ओळींमध्ये पारदर्शक पडदे होते, जागोजागी हात धुण्याची सोय होती आणि जेवण फोनवर मागवून तयार झाल्यावरच आत बोलावत.

मिरवणुकीबाबत त्यांनी जे केले ते तर माझ्यासारख्याने वहीत लिहून घ्यावे असे. एरवी त्या चार उद्यानांपैकी मॅजिक किंगडममध्ये दुपारी ठरलेल्या वेळी मोठी मिरवणूक निघते आणि लोक तासभर आधीपासून रस्त्याच्या कडेला दाटीने बसतात. यंदा ती बंद होती, रात्रीची आतषबाजीही बंद होती. त्याऐवजी दिवसभरात अधूनमधून, वेळ न सांगता, एखादा चित्ररथ आणि पाच-सहा पात्रे रस्त्यावरून जात आणि लोकांनी जमायच्या आत दिसेनाशी होत. नातीने मिकीला लांबूनच हात केला. तिला जवळ जाऊन फोटो काढता आला नाही, याचे तिला वाईट वाटले आणि मलाही.

या साऱ्याचे कौतुक करताना दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. 11 जुलैपासून ही उद्याने पुन्हा उघडू लागली आणि 12 जुलैला फ्लोरिडात एका दिवसात 15,299 नवे रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा तोवरचा तो एका दिवसाचा उच्चांक होता. त्या आठवड्यात करमणुकीची दारे उघडणे मला आजही पटत नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड तर मार्चपासून बंदच होते. दुसरी गोष्ट कामगारांची. अंतर ठेवा, मास्क वर घ्या, असे दिवसभर हसतमुखाने आणि न थकता सांगणाऱ्या ज्या माणसांमुळे ही मांडणी उभी होती, त्यांच्याच क्षेत्रातील 28,000 जणांची कपात कंपनीने सप्टेंबरअखेर जाहीर केली, त्यांतील दोन तृतीयांश अर्धवेळ नोकरदार. नोव्हेंबरमध्ये तो आकडा 32,000 वर गेला. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका मध्यमवयीन बाईंना मी ‘आपण फार चांगले काम करता’ असे माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांची नोकरी राहिली की नाही, हा प्रश्न मला तिथून निघाल्यापासून सोडत नाही.

दिवसाला माणशी शंभर डॉलरहून अधिक तिकीट असलेल्या बंदिस्त आवाराची तुलना आपल्या यात्रेशी किंवा बसस्थानकाशी करू नये, असे कोणी म्हणेल. पैशाची तुलना मी करतच नाही. जमिनीवर चुन्याची रेघ ओढायला, दारावर चार ओळींचा नियम मोठ्या अक्षरांत लिहायला आणि तो सर्वांना सारखाच लागू करायला शंभर डॉलर लागत नाहीत. यंदा संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या, ते मी अटलांटात फोनवर पाहिले. लाखोंच्या वारीने ते मान्य केले, कारण काय होणार हे आधी सांगितले होते आणि ते कोणासाठीही बदलले नाही. आणि माझ्या नोकरीत जेव्हा जेव्हा लोक फलाटावर धावले, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागले, तेव्हा तेव्हा गाडीचा फलाट ऐनवेळी बदललेला असे. तो बदलणारा मी होतो, आणि बेशिस्त म्हणून मी त्यांनाच रागे भरत होतो.

मंदिरे उघडली आहेत, उद्याने आणि जत्राही केव्हातरी सुरू होतील. परवानगी देताना तारखेबरोबर रांगेचा नकाशाही मागावा, एवढी माझी प्रशासनाला विनंती आहे: कोण कुठे उभा राहील, माणसे किती सोडली जातील, मास्क काढून पाणी प्यायची जागा कोणती. आमच्या भागातील कोणत्याही देवस्थानाला, ग्रामपंचायतीला किंवा स्थानकाला अशी आखणी करून हवी असल्यास मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी विनामोबदला येण्यास तयार आहोत. चुना आम्ही आणू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
सांगली