हजार येनापुरती जपानी

महोदय,

‘सांस्कृतिक मुत्सद्देगिरी’, म्हणजे कला-संस्कृतीतून देशादेशांत मैत्री जोडणं, म्हटलं की आपल्याला महोत्सव, फीत आणि शाल-श्रीफळ आठवतं. मला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या भित्तिचित्रातला पद्मपाणी, हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, आठवतो. सत्तावीस वर्षं जपानी पाहुण्यांना मी तो दाखवला. एकदा नारा प्रांतातले एक आजोबा मंद उजेडात त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि हलकेच म्हणाले, “आमच्याकडेही असाच होता. जळाला.” तिथल्या होर्युजी मंदिरातली भित्तिचित्रं 26 जानेवारी 1949 ला आगीत करपली, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गाईड मी, आणि शिकवून गेले ते!

ही ओढ जुनी आहे. अराई काम्पो हा जपानी चित्रकार शंभर वर्षांपूर्वी अजिंठ्यात येऊन या चित्रांच्या नकला करून गेला होता. पुढे याच ओढीच्या वाटेने पैसाही आला. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी जपानने 1992 मध्ये कर्ज दिलं, 2003 मध्ये पुन्हा सातशे कोटींहून अधिक येन दिले. रस्ते, पाणीपुरवठा, झाडं, विमानतळाची नवी इमारत अशी बरीच कामं त्यातून झाली. (दान नव्हे हो, कर्ज. व्याज कमी असलं तरी फेडायचं आपल्यालाच.)

फर्दापूरजवळ मोठं अभ्यागत केंद्रही उभं राहिलं. आत लेण्यांच्या प्रतिकृती, म्हणजे मूळ चित्रांना गर्दीच्या श्वासाचा दमटपणा कमी सोसावा लागेल. काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी त्याला टाळं लागलं. बांधायला येन मिळाले, बिल भरायला रुपये मिळेनात!

माझं म्हणणं याहून साधं आहे. स्फटिक आणि गारगोट्या विकणारी आमच्याकडची पोरं जपानी माणूस दिसला की “सेन एन, सेन एन” करत मागे लागतात. सेन एन म्हणजे हजार येन. त्यांची जपानी तिथेच संपते. पाहुण्यांसोबत दुभाषा येतो तो बहुधा दिल्ली-मुंबईहून, आणि त्याची बिदागीही त्याच्याबरोबर परत जाते. फर्दापूर, अजिंठा, सोयगाव इथल्या शाळा-कॉलेजांत जपानीचा एखादा वर्ग काढायला किती खर्च येणार आहे?

एखादी खोली आणि फळा द्या. आठवड्यातले तीन दिवस मी फुकट शिकवीन, खडूही माझेच.

— एक निवृत्त गाईड, फर्दापूर