बाबा, माल असा विकला जातो

टिळकवाडी, बेळगाव

ती. बाबा व ती. सौ. आई यांस शि. सा. न. वि. वि.

हा विषय फोनवर निभत नाही. बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात आई फोन ओढून घेऊन "जेवलीस काय?" विचारते. म्हणून लिहायला बसले. बाबा, गणपतीत तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "पुण्याची नोकरी सोडलीस ते असू दे, पण तू विकतेस काय आणि घेतंय कोण?" काका हसले, मीही हसले आणि उत्तर तसंच राहिलं.

विकते काय, ते तुम्हाला ठाऊक आहे: पोरांनी टॅबलेटवर बोटानं मराठी अक्षरं गिरवायचं ॲप, आणि त्यातली अक्षरं तुमची आहेत. तुम्ही दुरेघी कागदावर जाड पेनानं काढून दिलेली बाराखडी मी टॅबलेटवर बिंदू-बिंदूनं उतरवून घेतली. आधी गोलाई, मग काना, शेवटी वरची रेघ, हा क्रमही तुमचाच. तुम्हाला आठवत असेल, पहिल्यांदा दाखवलं तेव्हा "हा ल आपला नव्हे, हिंदीतला आहे" म्हणून तुम्ही टॅबलेट बाजूला सारला होता. तुमचं बरोबर होतं. संगणकाला आपला पाकळीचा ल आणि त्यांचा दांडीचा ल एकच. दोघांचा क्रमांक एक, आकार फॉन्ट ठरवतो आणि बरेच फॉन्ट हिंदीच्या वळणाचे. श चीही तीच गत. म्हणून गिरवायच्या अक्षरांना मी फॉन्ट लावलाच नाही, तुमच्या हातावरून रेघा घेतल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो रेघेच्या रुंदीनं. पोराचं बोट रेघेच्या किती बाहेर गेलं तर चालवून घ्यायचं? पट्टा अरुंद ठेवला तर चार वर्षांचं पोर रडतं, रुंद ठेवला तर ग च्या जागी काहीही ओढलं तरी शाबासकी मिळते. त्यात प्रत्येक टॅबलेटचा पडदा वेगळा. एकावर बोटभर दिसणारा पट्टा दुसऱ्यावर काडीएवढा होतो. शेवटी मोजमाप पडद्याच्या ठिपक्यांवरून न घेता मिलिमीटरवरून घेतलं, तेव्हा कुठं ते सगळीकडं सारखं झालं. त्यासाठी खडेबाजारातून जुने टॅबलेट आणून ठेवलेत. आई त्यांना भंगार म्हणते. म्हणू दे.

आई, तुझा आवाज मात्र वादाचा झालाय. दाराला गोधड्या लावून आपण रेकॉर्डिंग केलं, तरी भ च्या मागं कुकरची शिट्टी आलीच होती, ती मी काढली. पण एका बाईंनी एकच तारा देऊन खाली लिहिलं, "उच्चार बेळगावकडचे वाटतात." मी वाचून गप्प बसले. वाटतात म्हणजे काय, आहेतच की! आवाज बदलणार नाही.

आता घेतंय कोण. तुम्हाला वाटतं निपाणी-चिकोडीकडचे पालक घेत असतील. फारसे नाहीत. आपल्याकडं घरात टॅबलेट असला तर तो थोरल्या मुलाच्या क्लासचा, आणि अक्षरं गिरवायला पैसे कशाला द्यायचे हा प्रश्न रास्तच आहे. पैसे देणारे आहेत दुबई, लंडन, न्यू जर्सीकडचे. पोरगं घरी इंग्रजी बोलतं आणि सुट्टीत आजीला भेटायला यायचं असतं. त्यामुळे माझी विक्री मे महिन्याच्या तोंडावर वाढते, आणि आपल्या शाळा उघडतात तेव्हा बसते.

आपल्याकडच्यांसाठी स्वर आणि क ते ज्ञ फुकट ठेवलंय. बाराखडी आणि शब्द विकत, तेही एकदाच पैसे भरून. जाहिराती घालत नाही. लहान मुलांच्या ॲपमध्ये जाहिरातींवर ॲपल-गूगलच्या ॲप दुकानांचे नियम कडक आहेत, पण नियम नसते तरी मी घातल्या नसत्या. पोरगं घ गिरवत असताना मधे पत्त्यांच्या जुगाराचं चित्र नाचलेलं मला बघवणार नाही. विकत घेण्याच्या बटणाआधी मोठ्या माणसासाठी एक अडसर लागतो, म्हणजे पोरानं चुकून दाबू नये. तिथं मी तुमची दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, टाकलीय, "बारा दिडे किती?" बऱ्याच बापांना येत नाही. तसे मेल येतात मला.

पैशाचं सांगते. ॲपलच्या ॲप स्टोअरवर माल ठेवायला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, गूगलकडं एकदाच २५. नंतर प्रत्येक विक्रीतून ते आपला वाटा कापून घेतात. आधी तो शेकडा ३० होता. २०२१ पासून माझ्यासारख्या छोट्यांना, म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्यांना, शेकडा १५ झालाय. (दहा लाख डॉलर! तेवढे झाले तर मी स्वतःहून तीस देईन.) आजोबांच्या तंबाखूवर अडत्या कापायचा तसंच हे, एवढाच फरक की इथं अडत्याशी हुज्जत घालता येत नाही. उरलेलं महिन्या-दीड महिन्यानं बँकेत येतं, आणि परदेशचा पैसा म्हणून बँकही थोडं चिमटून घेते.

तुमच्या पेन्शनला अजून गाठलेलं नाही. भाडं निघतं ते दुसऱ्यांची कामं करून, आठवड्यातले दोन-तीन दिवस पुण्याच्या लोकांची ॲप दुरुस्त करते. आपल्या ॲपवर डबा, वीज, इंटरनेट निघतं, एखाद्या महिन्यात त्याहून जास्त.

आणि "एकदा करून ठेवलं की संपलं, मग रात्री काय करत बसतेस?" याचं उत्तर असं, की संपत नाही. दर सप्टेंबर-ऑक्टोबरला आयपॅडच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते आणि काल चालणारं काहीतरी आज हलतं. गूगलचं तर असं, की ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायचं, ऑगस्टअखेर मुदत असते. नाही जमलं तर नवे फोन-टॅबलेट घेणाऱ्यांना ते दुकानात दिसायचंच बंद होतं. एक अक्षर नवीन घातलेलं नसतानाही श्रावण त्यातच जातो.

बाबा, ॲपमध्ये कन्नड अक्षरंही घालतेय यावरून तुम्ही गप्प झालात ते मला कळलं. खानापूरकडच्या मराठी शाळांतल्या दोन-तीन बाईंनीच मागणी केली होती. २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्या शाळांत आलंय, पोरांच्या पुढ्यात दोन्ही लिप्या आहेत आणि घरी शिकवणारं कुणी नाही. तुमची १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी तुमच्या जागी आहे, लहानपणी तुमच्याबरोबर मीही चालले आहे. पण पहिलीतल्या पोराला कन्नडचा ಕ (क) येत नाही म्हणून मार बसत असेल तर त्यात आपल्या भाषेचं काय भलं होतं? आमच्या मालकीणबाई कन्नड शाळेत होत्या, त्यांच्याकडून अक्षरं काढून घेतलीत. तुम्ही रोज कन्नड पेपर वाचताच की, एकदा नजर घाला.

लिहायचं खरं कारण पुढं आहे. आई बोलून गेली की तुम्ही माझ्यासाठी एफडी मोडायचं म्हणताय. मोडू नका. या धंद्यात भांडवल घातलं म्हणून विक्री वाढत नाही. मी जाहिरातीवर थोडे पैसे घालून बघितले, जाहिरात थांबली त्याच दिवशी विक्री होती तिथं आली. एकानं पैसे घेऊन पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय पाडून देतो म्हणून फोन केला, त्याला वाटेला लावलं. वाढ होते ती एका आईनं दुसरीला सांगितल्यावर, आणि त्याला वेळ लागतो. मला ही दोन वर्षं द्या. पुण्याला परत जायचं झालं तर मी आपणहून सांगेन, आत्ता तरी जायचं नाही. ती एफडी तुमच्या कानाच्या मशीनसाठी वापरा, ते मात्र दिवाळीआधी करा.

आणि एक काम. जोडाक्षरांचा भाग करायला घेतलाय. त्र, श्र, क्ष, ज्ञ आणि दऱ्या, वऱ्हाड यातला तो अर्धा र, सगळं मोठं काढून पाठवा, बाण आणि आकडे घालून. जाड पेन देवघराच्या खणात आहे. शेजारचा सागर सोमवारी कॉलेजला येतो, त्याच्याकडं द्या. कागद घडी घालू नका, सुरळी करा.

आई, भाजणी पाठवू नकोस, मागची अजून आहे. पाठवायचंच असेल तर लसणाची चटणी दे.

तुमची,
मनी