नव्या माणसाला आधी ‘रोड’ शिकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, रोज चालायला जा. चांगलंच आहे. पण ज्यांच्या घरात हा आजार येऊन सहा वर्षं झाली त्यांच्यासाठी लेखात एकच ओळ होती: घरी प्रशिक्षित मदतनीस ठेवावा. आणि मौज म्हणजे त्याच पानाच्या तळाशी छोट्या जाहिरातींत घरी मदतनीस पाठवणारे चार ब्युरो होते. ‘आया, मावशी, वॉर्डबॉय, २४ तास, खात्रीशीर.’ ती ओळ वाचून त्या जाहिरातींतला नंबर फिरवणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आमचे हे मध्य रेल्वेत मोटरमन होते. भुसावळला असिस्टंट म्हणून लागले, काही वर्षं मालगाड्या चालवल्या आणि १९८६ ते २००८ अशी बावीस वर्षं कल्याण-व्हीटी लोकल. (स्टेशनाचं नाव दोनदा बदललं, आमच्या घरात ते अजून व्हीटीच आहे.) २०१९च्या दिवाळीआधी एकदा कल्याण स्टेशनात जिन्यापाशी उभे राहून मला म्हणाले, ‘अगं, इथून बाहेर कुठून पडायचं?’ मला थट्टा वाटली. मी हसले. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

रेल्वेच्या दवाखान्यातून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. जन्मभर सेकंदांचा हिशोब ठेवलेल्या माणसाने बाराच्या बारा आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले आणि काटे काढलेच नाहीत. डोनेपेझिल ही गोळी सुरू झाली, पुढे मेमँटिन. डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, गोळीने आजार थांबत नाही, जरा रेंगाळतो. खरं औषध म्हणजे घरातली माणसं आणि दिवसाचा ठरलेला क्रम.

आता हे ७७ वर्षांचे आहेत. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण ठाकुर्लीपासून मशीदपर्यंतची स्टेशनं घडाघडा म्हणतात. मला कधी नावाने हाक मारतात, कधी ‘माय’ म्हणतात. मध्य रेल्वेची मुंबईतली लाईन केव्हाच एसी विजेवर गेली, ह्यांच्या डोक्यातली अजून जुन्या पंधराशे व्होल्ट डीसीवरच चालते. दिवस बरा जातो. ऊन कललं की अस्वस्थपणा सुरू होतो. डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात, आमच्याकडे त्याला ‘ड्युटी’ म्हणतात. साडेचार-पाचला बॅग शोधायला लागतात. गाडी चुकेल, लॉबीत (मोटरमनच्या हजेरीच्या खोलीत) सही करायची आहे, दार कुणी लावलं? दार उघडलं नाही की आवाज चढतो, मग हात उठतो. लग्नाच्या अठ्ठेचाळीस वर्षांत ह्या माणसाने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता.

माझे गुडघे गेलेले. मुलगी नाशिकला, ती महिन्यातून दोनदा येते. म्हणून २०२३च्या जूनमध्ये ब्युरोला फोन केला. सकाळी ८ ते रात्री ८, दिवसाचे ९०० रुपये, शिवाय नोंदणी फी आणि डिपॉझिट. मोटरमनची पेन्शन बरी असते, त्याबद्दल तक्रार नाही. ती निम्मी इथेच जाते, एवढंच.

पहिल्या सात आठवड्यांत चार माणसं आली. पहिला दिवसभर मोबाइल बघत बसे. दुसरा स्वभावाने गरीब, पण ह्यांनी ड्युटीचा विषय काढला की म्हणायचा, ‘आजोबा, तुम्ही कधीच रिटायर झालात, विसरलात का?’ विसरलात का! तिसऱ्याने मी दळण आणायला गेले असताना ह्यांचा हात टॉवेलने पलंगाच्या गजाला बांधून ठेवला होता. मी ब्युरोला फोन केला तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘पेशंट व्हायलंट असेल तर करावं लागतं, काकू.’

चौथा मुरबाडकडचा, तिशीच्या आतला मुलगा. आम्ही त्याला दादा म्हणत असू, तो ह्यांना साहेब म्हणायचा. पहिल्या दिवशी त्याने ह्यांच्या अंगाला हातही लावला नाही. माझ्यासमोर शंभर पानी वही घेऊन बसला आणि विचारत सुटला. साहेब कुठे वाढले, अंघोळ बादलीने की शॉवरने, चहा आधी की तोंड धुणं आधी, राग कशाने येतो, कुणाचं नाव काढलं की हसतात. मी शाळेत ३१ वर्षं शिकवलं आहे. इतक्या नेमकेपणाने प्रश्न विचारणारे इन्स्पेक्टरही मी फारसे पाहिले नाहीत.

आठवड्याभरात घरात बारीकसारीक बदल झाले. उंबऱ्यापुढचं काळं पायपुसणं त्याने उचललं. ह्यांना तिथे खड्डा दिसत होता म्हणून ते पाय टाकत नव्हते, आणि आम्ही त्याला हट्ट समजत होतो. बेसिनवरच्या आरशाला पडदा लागला, कारण आरशातल्या म्हाताऱ्याशी ह्यांचं भांडण व्हायचं. अंघोळ परत बादली-तांब्यावर आली. डोक्यावरून अचानक कोसळणाऱ्या शॉवरच्या पाण्याची भीती वाटते, हे डॉक्टरांनी नाही, त्याने मला सांगितलं. पाणी आधी पायांवर, मग हातांवर, आणि प्रत्येक तांब्याआधी ‘साहेब, आता खांद्यावर घालतो.’

आणि ड्युटी. मी त्याला बोलता बोलता सांगितलं होतं, की मोटरमन कामावर आला की लॉबीत साइन ऑन करतो आणि त्याला ‘कॉशन ऑर्डर’चा कागद मिळतो. कुठल्या किलोमीटरवर रुळाचं काम चालू आहे, कुठे वेग किती ठेवायचा, ते त्यात असतं. दुसऱ्या दिवशी साडेचारला हे बॅग शोधायला लागले, तसा हा एक जुनं रजिस्टर घेऊन पुढे आला. ‘साहेब, साइन ऑन करा.’ ह्यांनी चष्मा लावला, वेळ घातली, सही केली. मग त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद दिला: दिवा ते मुंब्रा, वेग ३०. ह्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. दोघे बाल्कनीतल्या खुर्च्यांवर बसले. समोरच्या रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघत हे सिग्नल पुकारत होते, ‘डबल यलो’, आणि तो सहकाऱ्यासारखा ते परत म्हणत होता. सव्वासहाला साइन ऑफ, गरम दूध, भाकरी. त्या संध्याकाळी घरात आरडाओरडा झाला नाही. मी आत जाऊन रडले, हे त्याला कळलं असावं; त्याने भांडी जरा जोरात वाजवली.

हे मी कौतुकासाठी लिहीत नाही. हे कसब आहे आणि त्याला पैसे पडतात, हे वाचकांना कळावं म्हणून लिहिते. त्याने जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसेवकाचा, कोर्स केला होता. ताप, बीपी, कॅथेटर, बेडसोअर सगळं शिकवलं. डिमेन्शियावर (स्मृतिभ्रंशावर) एक तास, असं तो सांगायचा. बाकीचं तो आधीच्या घरांमध्ये शिकला. एकदा दोन दिवसांत हे एकदम बिघडले, कुणाला ओळखेनात, भिंतीवर माणसं दिसायला लागली. मला वाटलं, आजार पुढच्या पायरीला गेला. तो म्हणाला, ‘काकू, लघवीला वास वेगळा येतोय, तपासून घ्या.’ जंतुसंसर्ग निघाला. अँटिबायोटिकच्या पाच दिवसांत माझे हे परत आले, जेवढे होते तेवढे.

वर्षभराने, २०२४च्या ऑगस्टमध्ये, ब्युरोने त्याला काढून घेतलं. कारण रोटेशन. एका घरी फार दिवस माणूस ठेवला की घरचे त्याला परस्पर ठेवून घेतात आणि ब्युरोचं कमिशन बुडतं. त्यांची बाजू मी समजू शकते, तसं करणारी घरं मला माहीत आहेत. मी म्हटलं, कमिशन चालू ठेवते, जास्त देते, तोच माणूस द्या. उत्तर आलं, ‘तशी सिस्टीम नाही.’ मग म्हटलं, निदान नवा माणूस तीन दिवस जुन्याबरोबर येऊ द्या, दोघांची हजेरी मी भरते. ‘तशीही सिस्टीम नाही, काकू.’

रात्री ८ला दादा गेला, सकाळी ८ला नवा आला. वही मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने चाळली आणि ठेवून दिली. साडेचारला हे बॅग शोधायला लागले तेव्हा मी भाजी निवडत होते. आतून त्याचा आवाज आला, ‘कुठे जाताय, बसा खाली.’ मग ढकलाढकली, मग पडल्याचा आवाज. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर, आणि हे प्लास्टर काय आहे ते दर तासाला नव्याने समजावायचं. त्या हाताने आता सही होत नाही.

आता माझा मुद्दा. रेल्वेत कितीही जुना ड्रायव्हर असो, नव्या मार्गावर त्याला एकदम गाडी देत नाहीत. आधी तो जाणत्या माणसाबरोबर केबिनमध्ये उभा राहून फेऱ्या करतो, दिवसाच्याही आणि रात्रीच्याही. चढ कुठे, वळण कुठे, कुठला सिग्नल उशिरा दिसतो. ह्याला ‘रोड लर्निंग’ म्हणतात. मग ‘मला हा रोड माहीत आहे’ म्हणून सही करतो, तेव्हा गाडी हातात येते. मध्ये काही महिने त्या मार्गावर काम केलं नसेल तर पुन्हा फेऱ्या. हे नियम ह्यांच्याकडून ऐकतच माझा संसार झाला. ज्याची स्मृती गेली आहे त्याच्या घरी मात्र नवा माणूस रोड न शिकता पहिल्या सकाळपासून एकटा! तापाच्या रोग्याला माणूस बदललेला चालेल. ह्या रोग्याला ओळखीचा चेहरा आणि ठरलेला क्रम हाच आधार असतो, आणि ब्युरोचं रोटेशन नेमकं तेच काढून घेतं.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे. तो पाठवणाऱ्या एजन्सीला २००५च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागतो, माणसाचं प्रशिक्षण आणि पूर्वचारित्र्याची पडताळणी लागते. फाटकाच्या आत, तिसऱ्या मजल्यावर, स्वतःचं नावही सांगता न येणाऱ्या माणसाला अंघोळ घालायला जो येतो, त्याला पाठवणाऱ्या ब्युरोने मला दाखवलेला एकमेव कागद शॉप अॅक्टचा, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा, होता. आधी ह्या दोन गोष्टींची तुलना माझ्या डोक्यात आली नव्हती. सोसायटीच्या वार्षिक सभेत वॉचमनच्या कागदपत्रांवरून तासभर वाद झाला, तेव्हा आली.

पैशाचंही लिहिते. माझ्या ९०० रुपयांतले दादाच्या हातात ६२० पडायचे. साप्ताहिक सुट्टी नाही. सुट्टी घेतली तर हजेरी कापायची. मुरबाडला घरी लग्न होतं तेव्हा तो दोन दिवसांचे पैसे बुडवून गेला, आणि जाताना माझी सोय लावून गेला. आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तास जो माणूस दुसऱ्याच्या भ्रमाशी जुळवून घेतो, त्याला एक दिवस झोप मिळायला नको का? त्याची भरपगारी सुट्टी ब्युरोने दरात धरावी, मी तो दर देईन. देऊ शकत नाहीत अशी घरं जास्त आहेत, हेही मला दिसतं. आमच्याच मजल्यावर सासूला हाच आजार असलेली बाई नोकरी सोडून घरी बसली. सत्तरीपुढच्यांसाठी २०२४मध्ये आलेलं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड त्यांनी काढलं आहे. ते इस्पितळात दाखल झालं की उपयोगी. घरी अंघोळ घालायला येणाऱ्या माणसाचे पैसे त्यातून मिळत नाहीत. आणि ह्या आजाराचं जवळजवळ सगळं घरीच तर चालतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज होता. एवढी घरं मुलीसुनांच्या नोकऱ्यांवर किती दिवस चालवायची?

ब्युरो बंद करा असं मी म्हणत नाही, त्यांच्याशिवाय मी जगले नसते. राज्याच्या आरोग्य आणि कामगार खात्याने एकत्र बसून त्यांना परवाना लावावा. परवान्यात डिमेन्शियाच्या रोग्यासाठी दोन अटी असाव्यात: माणूस बदलताना तीन दिवस जुना आणि नवा एकत्र, आणि नव्याची ‘रोड माहीत आहे’ अशी सही. रोग्याला बांधून ठेवलं तर परवाना जावा. परवाना येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या जाहिरात विभागाने ब्युरोची जाहिरात घेताना एवढं तरी विचारावं, की ‘प्रशिक्षित’ म्हणजे कशात आणि किती दिवस?

दादा सध्या डोंबिवलीत एका आजींकडे आहे. आमच्याकडे आता सहावा माणूस आहे. वही वाचतो, पण रजिस्टर पुढे करायला लाजतो. ह्या वहीची ४२ पानं भरली आहेत. त्यातली आमची खासगी पानं वगळून, अंघोळ, जेवण, संध्याकाळ, रात्रीचं उठणं एवढ्यांची एक झेरॉक्स ह्या पत्रासोबत जोडली आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या कुणा वाचकाने मागितली तर कृपया द्यावी. झेरॉक्सचे पैसे घेऊ नयेत, हवे तर मी पाठवते. शेवटची पाच पानं कोरी ठेवली आहेत, आपल्या माणसाचं तिथे लिहावं.

ह्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरीही आपलं वृत्तपत्र येतं, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक
कल्याण (पूर्व)